अंतराळांतील ताळा

जुन्या वळणाचे गणिताचे गुरुजी पाटीवरील उत्तर बरोबर आलें एवढ्यानें कधीं समाधान मानीत नसत. उत्तर पाहून ते एकच प्रश्न विचारीत, "ताळा केलास काय?" ताळा म्हणजे उत्तर नव्हे, ताळा म्हणजे उत्तराची परीक्षा. ज्या वाटेनें उत्तर काढलें त्याच वाटेनें पुन्हां चालून जाणें हाहि ताळा नव्हे. वाट निराळी असली पाहिजे आणि मुक्काम मात्र तोच आला पाहिजे. माणसें नेणाऱ्या अंतराळयानांतून खिशांत मावणाऱ्या, आज्ञावली स्वीकारणाऱ्या कॅल्क्युलेटरनें जें काम केलें, त्याला मराठींत याहून नेमका शब्द मला सुचत नाहीं. परंतु या कामाविषयीं जें लिहिलें गेलें आणि जें दाखविलें गेलें, त्यांत ताळ्याची गोष्ट क्वचित्‌च आढळते. कोणी या यंत्राला वीरनायक केलें, तर कोणी खेळणें म्हणून हंसण्यावारी नेलें. हीं दोन्ही वर्णनें कोठें चुकतात आणि खरें वर्णन कोठें सांपडतें, हें पाहण्याचा येथें विचार आहे. त्यासाठीं मीं तीन कृति समोर घेतल्या आहेत: एक जाहिरात, एक चित्रपट आणि एक रशियन कथामाला. जाहिरातीला समीक्षेचा मान कशाला, असें कोणी म्हणेल. पण यंत्रांविषयींच्या आपल्या पुष्कळशा समजुती जाहिरातींनींच घडविल्या आहेत. तेव्हां त्यांची भाषा तपासणें हें समीक्षकाचें काम नव्हे असें कसें म्हणावें?

प्रथम वस्तुस्थिति. १९७५ च्या जुलैंत अमेरिकेचें अपोलो व सोव्हिएट रशियाचें सोयूझ हीं यानें पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतां एकमेकांस भेटलीं. १५ जुलैला दोन्ही यानें उडालीं आणि १७ जुलैला एकमेकांस जोडलीं गेलीं. अपोलोंत स्टॅफर्ड, ब्रँड आणि स्लेटन हे तिघे होते. सोयूझमध्यें लिओनोव्ह आणि कुबासोव्ह हे दोघे. अपोलोच्या सामानांत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-६५ नांवाचा कॅल्क्युलेटर होता. तो १९७४ सालीं ७९५ डॉलर किंमतीस बाजारांत आला होता. त्याची नवलाई अशी कीं, बेरीज-गुणाकार-त्रिकोणमिति करणें एवढ्यावरच तो थांबत नसे. गणिताच्या पायऱ्या क्रमवार लिहून त्या एका लहानशा चुंबकीय पट्टीवर नोंदवून ठेवतां येत. पट्टी यंत्राच्या फटींतून सरकविली कीं शंभर पायऱ्यांपर्यंतची आज्ञावली यंत्राच्या स्मरणांत उतरे, आणि मग नवे आंकडे घालून कळ दाबली कीं सारें गणित आपोआप होई.

या भेटीनंतर कंपनीनें जी जाहिरात प्रसिद्ध केली, ती जाहिरात असूनहि मन लावून वाचण्यासारखी आहे. तिचा सारांश असा. यानांची भेट होण्यापूर्वीं चोवीस मिनिटें, दोहोंमध्यें बारा मैलांचें अंतर असतां, अपोलोच्या प्रवाशांनीं आपल्या मार्गांत दुरुस्ती केली. बारा मिनिटांनीं आणखी एक दुरुस्ती केली. या दोन्ही दुरुस्त्यांचें गणित एचपी-६५ वर झालें. त्याआधींच्या दोन मोठ्या हालचालींच्या वेळीं यानावरील संगणकाचें उत्तर आणि या यंत्राचें उत्तर ताडून पाहण्यांत आलें. यान त्या वेळीं पृथ्वीवरील केंद्रांच्या संपर्कांत नव्हतें. अशा स्थितींत यानावरील संगणक बंद पडला असता, तर हें महत्त्वाचें गणित करण्यास एचपी-६५ हेंच एक साधन उरलें असतें.

या शेवटच्या वाक्यावर सारी जाहिरात उभी आहे, म्हणून तेथें थोडें थांबलें पाहिजे. आपल्या व्याकरणांत क्रियापदाचे चार अर्थ सांगतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. घडलेली गोष्ट नुसती सांगणें हा स्वार्थ; अमुक झालें असतें तर तमुक झालें असतें, हा संकेतार्थ. जाहिरातीचें हें वाक्य संकेतार्थांत आहे, आणि तें खोटें नाहीं. परंतु संगणक बंद पडला नव्हता. जें घडलें नाहीं, त्याच्या छायेंत यंत्राला उभें केलें आहे, आणि वाचकाच्या मनांत मात्र तें वाक्य स्वार्थांतच उतरावें अशी मांडणी आहे. येथें 'स्वार्थ' या शब्दाचा व्यवहारांतला अर्थ कोणास आठवल्यास माझी हरकत नाहीं. दोन यानें काळोखांत एकमेकांकडे झेपावत आहेत, पृथ्वी मूक आहे, आणि तीन माणसांच्या हातांत एक चिमुकलें यंत्र आहे! चित्र मोठें मनोवेधक खरें. पण या चित्रामागें जाहिरातींतीलच दुसरी एक गोष्ट झांकली गेली आहे, आणि माझ्या मतें तीच अधिक मोलाची आहे.

ती गोष्ट म्हणजे आधींच्या दोन हालचालींत घेतलेला ताळा. जाहिरात त्याचा उल्लेख करते, पण मनाला धीर देणारी एक जोडगोष्ट म्हणून, जाता जाता. वस्तुतः या यंत्राचें खरें काम तेंच होतें. संगणकाचें उत्तर एका बाजूस. निराळ्या यंत्रांत, निराळ्या विजेवर, निराळ्या आज्ञावलीनें काढलेलें उत्तर दुसऱ्या बाजूस. आणि दोन्ही उत्तरें डोळ्यांनीं पाहून निर्णय घेणारा माणूस मध्यें. उत्तरें जुळलीं तर जगाला कांहींच कळत नाहीं, कारण कांहींच घडत नाहीं. ताळ्याच्या यशाला बातमी नसते. म्हणूनच जाहिरातीला तो नकोसा होतो.

जाहिरात आणखी सांगते कीं, शास्त्रज्ञांनीं आधींच लिहून ठेवलेल्या सुमारें हजार पायऱ्यांच्या आज्ञावल्या वापरल्यामुळें हें गणित झटपट, आपोआप आणि दहा अंकांपर्यंत अचूक झालें. शंभर पायऱ्या सांठविणाऱ्या यंत्रांत हजार पायऱ्या घालावयाच्या म्हणजे निदान दहा पट्ट्या एकामागून एक सरकविणें आलें. भार नाहींसा झालेल्या त्या खोलींत, घड्याळाकडे डोळा ठेवून, पट्ट्यांचा क्रम न चुकवितां हें करावयाचें! 'आपोआप' हा शब्द येथें माणसाच्या बोटांवर थोडा अन्यायच करतो. उलट आपणहि एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे: आज्ञावली प्रवाशांनीं जुळविलेली नव्हती, ती दुसऱ्यांनीं जुळवून हातीं दिली होती. म्हणजे गणिताची विद्या पृथ्वीवर आणि कळ दाबणारें बोट अंतराळांत, अशी वांटणी होती. जाहिरातींतील वीरकथेला हें दोन्ही बाजूंनीं अडचणीचें आहे. ताळ्याच्या कथेला मुळींच नाहीं.

याच जाहिरातींत एक लहानसा उल्लेख आहे, तो आपल्या देशाशीं नातें सांगतो. यानावरील मोठी अँटेना एका उपग्रहाकडे अचूक रोखण्यासाठीं तिचे कोन या कॅल्क्युलेटरवर काढीत. तो उपग्रह एटीएस-६. याच उपग्रहानें त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, भारतांतील सहा राज्यांतल्या सुमारें २,४०० खेड्यांस दूरदर्शनचे पाठ पोंचविले. अंतराळांत कोणीतरी खिशांतील यंत्रावर कोन मांडून ज्याच्याकडे अँटेना वळविली होती, त्याच उपग्रहाकडे पुढच्या महिन्यांत खेड्यांतील तबकड्या वळल्या. जाहिरातदारास याची खबर असण्याचें कारण नव्हतें. पण वाचकाला ती असली म्हणजे त्या रुक्ष वाक्यांत एकाएकीं जीव येतो.

आतां चित्रपट. १९९५ चा 'अपोलो १३' हा चित्रपट १९७० च्या एप्रिलमधील अपघाताचा आहे. त्या वेळीं खिशांतील कॅल्क्युलेटर जन्मास यावयाचे होते. यानांतून स्लाइडरूल नेत असत. त्या चित्रपटांत एक उत्कृष्ट प्रसंग आहे. मुख्य यान निकामी होऊं लागलें आहे, त्याच्या दिशादर्शकाचे कोन चंद्रावर उतरण्याच्या यानांत घालावयाचे आहेत, आणि लॉव्हेल आपलें अंकगणित तपासून देण्याची विनंती पृथ्वीवरील मंडळींस करतो. खाली बसलेले तज्ज्ञ स्लाइडरूल सरकवून एकामागून एक अंगठा वर करतात. प्रसंगाचा गाभा खरा आहे. लॉव्हेलनें आपलें गणित तपासून घेतलें होतें. परंतु तें गणित कोनांच्या बेरीज-वजाबाकीचें होतें, आणि स्लाइडरूलवर बेरीज-वजाबाकी होत नाहीं. तिचा उपयोग गुणाकार-भागाकारास. तें काम कागद आणि पेन्सिलीचें. दिग्दर्शकाला मात्र कागदावरील वजाबाकींत नाट्य दिसलें नाहीं. त्याला प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरेल असें एक हत्यार हवें होतें. चित्रपटानें ताळा दाखविला, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. पण ताळा करणाऱ्या माणसांपेक्षां त्यांच्या हातांतील वस्तूवर त्याचा जीव अधिक जडला. जाहिरातीचा दोष आणि चित्रपटाचा दोष मुळांत एकच आहे.

यावर असा पूर्वपक्ष येईल: मग हें यंत्र शोभेचेंच होतें असें म्हणा! संगणक बंद पडला नाहीं, कॅल्क्युलेटरवांचून कोणाचे प्राण गेले नाहींत. तेव्हां ताळ्याचें एवढें स्तोम कशाला? याचें उत्तर १९८१ सालच्या एका घटनेंत आहे. त्या वर्षीं एप्रिलच्या १० तारखेस अमेरिकेचें पहिलें स्पेस शटल उडावयाचें होतें. त्यावर एक नव्हे, पांच संगणक होते. चारांत एकच आज्ञावली होती. पांचव्यांत दुसऱ्या मंडळींनीं स्वतंत्रपणें लिहिलेली. ही तजवीज कां? कारण एकच आज्ञावली चार यंत्रांत असली, तर तींतली चूक चौघेहि एकमतानें करतील. आणि एकमत म्हणजे सत्य नव्हे. त्या दिवशीं पांचव्याचा काळ त्या चौघांच्या काळाशीं जुळेना. उड्डाण थांबविलें गेलें, दोष शोधला गेला, आणि १२ एप्रिलला, गागारिनच्या उड्डाणास बरोबर वीस वर्षें होत असतां, यंग व क्रिपन हे दोघे त्या यानांतून गेले. लक्षावधि लोकांसमोर मोजणी थांबविण्याची नामुष्की पत्करावी, पण न जुळणारें उत्तर दडपूं नये, ही वृत्ति ज्या व्यवस्थेंत आहे, तिलाच राखीव साधनांचा खरा उपयोग होतो.

त्याच उड्डाणांत यंग-क्रिपन यांनीं एचपी-४१ हा कॅल्क्युलेटर नेला होता. तो १९७९ सालीं निघाला, आणि त्याच्या पडद्यावर आंकड्यांबरोबर अक्षरेंहि उमटत. त्याच्याकडे सोंपविलेलीं कामें पाहण्यासारखीं आहेत. पहिलें काम: यान पृथ्वीवरील कोणत्या केंद्राच्या टप्प्यांत केव्हां येईल व केव्हां बाहेर जाईल, हें सांगणें. त्या काळीं शटलला एका प्रदक्षिणेंतील थोडाच वेळ पृथ्वीशीं बोलतां येई, म्हणून हें वेळापत्रक हाताशीं असणें सोयीचें होतें. दुसरें काम: उरलेल्या इंधनावरून यानाचा गुरुत्वमध्य कोठें पडतो हें काढणें, म्हणजे परततांना कोणत्या टाकींतील किती इंधन जाळून टाकावें हें ठरवितां येई. गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर गेला तर वातावरणांत शिरणारें यान नीट तोललें जात नाहीं. यांत वीरश्री कोठेंच नाहीं. एक काम स्टेशनमास्तराचें, दुसरें तराजूवाल्याचें. पण मोठ्या संगणकांना यान उडविण्याच्या कामांतून न काढतां हीं कामें बाजूस बसून व्हावींत, आणि तीं प्रवाशाच्या स्वतःच्या हातून व्हावींत, हें शहाणपण या यंत्राच्या योजनेंत आहे. प्रपंचांत ज्याला 'घरचें माणूस' म्हणतात, तसें तें यंत्र होतें. त्याचें नांव कोणी घेत नाहीं, आणि त्याच्यावांचून पदोपदीं अडतें.

तिसरी कृति रशियन आहे, आणि तीच या तिघींत मला श्रेष्ठ वाटते. मॉस्कोहून निघणाऱ्या 'तेख्निका मोलोद्योझी' या तरुणांच्या तंत्रविषयक मासिकांत १९८५ सालापासून मिखाईल पुखोव्ह यांनीं एक विज्ञानकथा क्रमशः लिहिली. तिचें नांव 'पृथ्वीकडची वाट'. दोन अंतराळवीर चंद्रावरून पृथ्वीकडे एका लहानशा वाहनांतून निघतात. तें वाहन एवढ्या लांबच्या प्रवासासाठीं केलेलेंच नव्हे. हेयरडालच्या तराफ्याची आठवण ठेवून त्याला 'कॉन-टिकी' म्हटलें आहे, आणि तें नांव सार्थ आहे. कारण येथेंहि तुटपुंज्या साधनानें महासागर तरून जावयाचा आहे. साधन कोणतें? त्या काळीं रशियन विद्यार्थ्यांच्या हातीं असलेला बी३-३४ नांवाचा कॅल्क्युलेटर. १९८० सालीं निघालेल्या या यंत्रांत ९८ पायऱ्यांची आज्ञावली मावे, पण यंत्र बंद केलें कीं ती पुसून जाई. म्हणजे वाचकाला कथेचा पुढचा टप्पा गांठावयाचा असेल, तर ती कळा दाबून पुन्हां पहिल्यापासून भरावी लागे.

आणि वाचकानें ती भरावयाची होती, हेंच या कथेचें वैशिष्ट्य. प्रत्येक हप्त्याबरोबर गणित येई, आज्ञावली येई, आणि प्रवासाचा तेवढा टप्पा वाचकानें स्वतः पार पाडावयाचा. किती किलो इंधन, किती सेकंदांत जाळावयाचें, हें वाचकानें ठरवावें. यंत्रानें किंचित् थांबून हिरवट आंकड्यांत उंची, वेग आणि उरलेलें इंधन सांगावें. इंधन उधळलें तर चंद्रावर आपटणें नशिबीं. एकदम जोर लावला तर वाढलेल्या भारानें चालक बेशुद्ध. चुकीची क्रिया केली तर पडद्यावर रोमन लिपींतील 'एरर' हा शब्द अशा आकारांत उमटे कीं रशियन डोळ्यांस तो 'एग्गोग' दिसे. आणि हौशी मंडळींनीं या एग्गोगाचें एक गमतीदार शास्त्रच उभें केलें.

वाङ्मयाच्या कांट्यावर तोलली तर ही कथा हलकी भरेल, हें मी नाकारीत नाहीं. तिच्यांतील माणसें बरेच वेळां सूत्रें समजावून देण्यासाठींच बोलतात. त्यांच्या मनांत वाचकाला फारसा प्रवेश नाहीं. परंतु एका बाबतींत तिनें जें साधलें तें भल्या भल्या कादंबऱ्यांस साधत नाहीं. वाचक नायकाबद्दल काळजी करतो, एवढेंच येथें होत नाहीं. नायकाची सुटका वाचकाच्या गणितावर येऊन ठेपते. छापील कथेंत प्रवासी पृथ्वीवर पोंचोत कीं न पोंचोत, स्वयंपाकघराच्या मेजावर वही उघडून बसलेल्या त्या मुलाच्या हातून ते पोंचतील कीं नाहीं, हें त्या रात्रीं खरोखरच अनिश्चित असे. जाहिरातींत यंत्र माणसाला वांचवितें. चित्रपटांत हत्यार माणसाला शोभवितें. पुखोव्ह यांच्या कथेंत यंत्राला माणसाची गरज आहे. आणि अंतराळांतील कॅल्क्युलेटरविषयींचें सत्य नेमकें तेंच आहे.

कल्पित गोष्टीला वस्तुस्थितीनेंहि आधार दिला. १९८८ च्या सप्टेंबरांत सोयूझ टीएम-५ हें यान ल्याखोव्ह व अफगाणिस्तानचे मोहमंद यांना घेऊन परतत होतें. क्षितिज ओळखणाऱ्या संवेदकाचा गोंधळ झाला आणि ठरल्या क्षणीं इंजिन पेटलें नाहीं. पुढच्या प्रयत्नाच्या वेळीं संगणकांत आधींच्या मोहिमेंतील आज्ञावली चालू झाली, आणि इंजिन पुरतें चालण्याआधींच थांबलें. राहण्याचा कक्ष सोडून दिलेला. अरुंद कुपींत दोघांना आणखी एक दिवस काढावा लागला, आणि ७ सप्टेंबरला ते सुखरूप उतरले. त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरला निघालेल्या सोयूझ टीएम-७ बरोबर एमके-५२ हा रशियन कॅल्क्युलेटर होता. उतरण्याच्या मार्गाचें गणित करतां यावें म्हणून राखीव ठेवलेला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाहीं. परंतु त्या दोन प्रवाशांचा तो दिवस ध्यानांत ठेवला, म्हणजे १०५ पायऱ्यांचें एक साधें यंत्र मुद्दाम बरोबर नेण्यांत कांहीं हास्यास्पद वाटत नाहीं. संगणक बिघडला नव्हता, तो आज्ञाधारकपणें चुकीची आज्ञा पाळीत होता. बिघडलेलें यंत्र ओळखूं येतें. चुकीची आज्ञा निष्ठेनें पाळणारें यंत्र ताळ्याशिवाय ओळखूं येत नाहीं.

कॅल्क्युलेटरांचा तो काळ अंतराळांत थोडी वर्षेंच टिकला. लहान पेटीएवढे संगणक आले, आणि तीं कामें त्यांच्याकडे गेलीं. यांत हळहळण्यासारखें कांहीं नाहीं. स्लाइडरूल गेली तसाच कॅल्क्युलेटर गेला. परंतु यंत्राबरोबर त्याचें कामहि गेलें असें समजणें ही मोठी चूक होईल. आज शाळेंतल्या मुलाच्या हातीं जें यंत्र आहे त्याच्यापुढें अपोलोचा संगणक कांहींच नव्हे, अशी बढाई आपण नेहमीं ऐकतों. ती आंकड्यांनीं खरी आहे. पण तुलना चुकीच्या गोष्टीची आहे. अपोलोंतील माणसांपाशीं दोन उत्तरें होतीं आणि तीं न जुळलीं तर काय करावयाचें याचा विचार होता. आपल्यापाशीं बहुधा एकच उत्तर असतें, तें क्षणांत येतें, आणि इतकें सुबक येतें कीं त्याच्यावर शंका घेणें असभ्यपणाचें वाटावें. वर्गांत मी हें रोज पाहतों. उत्तर कोठून आलें असें विचारलें, तर मुलें यंत्राकडे बोट दाखवितात. ताळा केला काय असें विचारलें, तर तेंच गणित त्याच यंत्रावर पुन्हां करून दाखवितात. त्यांना ताळा शिकविणें हें आमचें काम होतें, आणि तें आम्ही पुरतें केलें असें माझ्यानें म्हणवत नाहीं.

म्हणून त्या जाहिरातीचें वाक्य मला थोडें बदलून वाचावेंसें वाटतें. संगणक बंद पडला असता तर, हा त्या लहान यंत्राचा मोठेपणा नव्हे. संगणक चालू होता, त्याचें उत्तर समोर होतें, आणि तरीहि त्या माणसांनीं दुसरी पट्टी सरकविली, हा मोठेपणा आहे. आणि तो यंत्राचा नव्हे. पुखोव्ह यांच्या वाचकांनीं रात्रीं जागून तोच अभ्यास केला. ती कथा मराठींत कोणी आणली तर मला आनंद होईल. मात्र आणणाऱ्यानें तिच्यांतील गणितें गाळूं नयेत. तीं वगळलीं तर मागें उरेल ती एक बेतास बात साहसकथा.